यवतमाळच्या कापसाचे भाडे कोण भरतो?

दसरा उलटला, शेतात सीतादही होऊन कपाशीची वेचणी सुरू झाली, की यवतमाळ जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, वणी, आर्णी, दारव्हा यांपैकी कोणत्याही गावी जावे, जिनिंगच्या पुढल्या फाटकाशी कापसाने फुगलेल्या मेटॅडोरांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. आणि मागल्या फाटकातून रुईच्या गाठी भरलेला, ताडपत्रीने आवळलेला दहाचाकी ट्रक बाहेर पडत असतो. पुढल्या रांगेची बातमी होते, विधानसभेत तिच्यावर प्रश्न विचारले जातात. मागल्या ट्रककडे सहसा कोणी वळून पाहत नाही. वास्तविक रांगेतल्या शेतकऱ्याच्या हाती काय पडणार, याचा बराचसा निकाल त्या ट्रकच्या भाड्याने आधीच लागलेला असतो.

हिशेब अवघड नाही. रुईची एक गाठ १७० किलोची. शंभर गाठींचा एक ट्रक, म्हणजे सतरा टन माल. एका क्विंटल कापसातून साधारणपणे ३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतांश सरकी. तेव्हा एका गाठीमागे पाच क्विंटल आणि एका ट्रकमागे पाचशे क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच-सहा क्विंटल पिकले, तर एका ट्रकमध्ये ऐंशी-शंभर एकरांची वर्षभराची मेहनत भरलेली असते. आता वाहतुकीचा खर्च रुईच्या किलोमागे एका रुपयाने वाढला असे धरले, तर कापसाच्या क्विंटलमागे ३४ रुपये कोणाच्या तरी पदरातून जातात. पंचवीस क्विंटल कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला हे साडेआठशे रुपये होतात. मुलाच्या वसतिगृहाचे पैसे याच रकमेतून भरायचे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा रुपया लहान वाटत नाही.

हे पैसे कापूस विकणाऱ्याच्याच पदरातून का जावेत, असा प्रश्न सहज पडेल. त्याचे कारण भाव ठरण्याच्या रीतीत आहे. रुईचा भाव यवतमाळात ठरत नाही. तो गिरणीच्या दारात ठरतो, आणि यवतमाळच्या रुईचा मोठा ग्राहक असलेल्या सूतगिरण्या दक्षिणेत कोइम्बतूरच्या परिसरात किंवा गुजरातेत आहेत. जिनिंगवाला खंडीमागे, म्हणजे ३५६ किलोंमागे, मिळणाऱ्या भावातून आधी ट्रकचे भाडे वजा करतो, मग गाठी बांधण्याचा खर्च, व्याज, तूट आणि आपला नफा काढतो, आणि उरेल तो भाव शेतकऱ्याला सांगतो. भाडे वाढले म्हणून गिरणी जास्त पैसे देत नाही, कारण तिला दुसरीकडचा कापूस खुला असतो. जिनिंगवाला आपला नफा सोडत नाही. साखळीच्या टोकाला उरतो तो शेतकरी. भारतीय कापूस महामंडळाची हमीभावाने खरेदी हा या नियमाला अपवाद, आणि तोही मर्यादेतला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. पण ओलावा बारा टक्क्यांवर गेला, की महामंडळाचे केंद्र माल नाकारते, आणि नाकारलेली गाडी भाडे भरून घरी परत नेण्यापेक्षा शेजारच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देणे पत्करावे लागते. भाड्याचा पहिला फटका तेथेच, गाव आणि केंद्र यांमधल्या वीस-पंचवीस किलोमीटरांतच बसतो.

याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. या निर्णयावर झालेली टीका मुख्यतः शुल्काविषयी होती. अंतराविषयी फारसे कोणी बोलले नाही. परदेशी कापूस जहाजाने तुतिकोरिन बंदरात उतरला, की कोइम्बतूरच्या गिरणीला तो साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास पडतो. यवतमाळची गाठ त्याच गिरणीच्या दारात पोहोचायला हजार किलोमीटरांहून बराच अधिक रस्ता तुडवावा लागतो. समुद्रावरची वाहतूक रस्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते, हे भूगोलाच्या शिक्षकाला सांगायला नको. तेव्हा शुल्काची भिंत उतरते, त्या क्षणी यवतमाळच्या शेतकऱ्याची स्पर्धा अमेरिकेतल्या वा ब्राझीलमधल्या शेतकऱ्याशी जितकी असते, तितकीच ती जहाज आणि ट्रक यांच्यातली असते.

मूर्तिजापूरची वाट

असे नेहमीच नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी याच कापसासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी सुमारे ११३ किलोमीटरांची अरुंद लोहवाट टाकण्यात आली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर आणायचा, तेथून मुंबई आणि मुंबईहून मँचेस्टर, हा तिचा उद्देश. मालकी किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने उभारलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाडी चालविणार ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि पुढे मध्य रेल्वे. देशातील रेल्वे सरकारी झाली तरी ही वाट कागदोपत्री खासगीच राहिली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ च्या एप्रिलपर्यंत ओढली, त्यानंतर डिझेल इंजिन आले, आणि पुढे गेल्या दशकात ती थांबलीच. तिच्याविषयी भावुक लेखन पुष्कळ झाले आहे. तथापि तिच्या मरणाची सुरुवात प्रवासी कमी झाल्याने झाली नाही. कापूस तिच्यावरून आधीच उतरला होता. अरुंद वाटेवरचा माल मूर्तिजापूरला रुंद वाटेवर पुन्हा चढवावा लागे, त्यात वेळ आणि हमाली दोन्ही जात. ट्रक जिनिंगच्या दारातून थेट गिरणीच्या दारात जाई. त्यातच रेल्वेने सुट्या मालाची वाहतूक क्रमाक्रमाने सोडून पूर्ण रेकचा आग्रह धरला. शंभर गाठींचा धनी रेकची भाषा बोलू शकत नाही.

यवतमाळचे हे देशाच्याच कहाणीचे लहान रूप आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग रेल्वेकडे होता. आज तो तीस टक्क्यांच्या आत आला आहे.

मधल्या काळात वाहतुकीच्या खर्चाचा प्रश्न एका वेगळ्या व्यवस्थेने झाकून ठेवला. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यात कापूस विकत घ्यायचा तो सरकारच्या वतीने पणन महासंघाने, आणि भाव सर्वत्र सारखा. वणीचा शेतकरी असो वा जळगावचा, मुंबई कोणाला किती दूर याचा त्याच्या भावाशी संबंध उरला नाही. अंतराचा बोजा सर्वांनी मिळून, आणि तोटा आला तेव्हा सरकारी तिजोरीने, उचलला. या योजनेचे दोष दडलेले नाहीत. उशिरा मिळणारे चुकारे, प्रतवारीतले गैरव्यवहार, फुगत गेलेली तूट, हे सारे खरे. आणि ज्या वर्षी पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत भाव चढा असे, त्या वर्षी रात्रीच्या अंधारात बंड्या आणि ट्रक नदी ओलांडत, हेही तितकेच खरे. स्वतःच्या शेतातला कापूस विकायला नेणाऱ्याला तस्कर ठरविणारा कायदा फार काळ टिकणे शक्यच नव्हते. २००२ च्या सुमारास खासगी व्यापार खुला झाला आणि योजनेचे नाव तेवढे काही काळ उरले. पण तिच्याबरोबर अंतर वाटून घेण्याची कल्पनाही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

ट्रकवाल्याच्या हाती काय?

शेतकऱ्याने भरलेले हे भाडे ट्रकवाल्याच्या घरी जात असेल आणि तो गब्बर होत असेल, असा समज शहरात आढळतो. तो तपासून पाहावा. यवतमाळ ते नागपूर हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. भरलेला दहाचाकी ट्रक डिझेलच्या लिटरमागे चार किलोमीटर धावला आणि रिकामा पाच, तर जाण्यायेण्यात साडेसदुसष्ट लिटर डिझेल जळते. डिझेलचा भाव २०२२ नंतर नव्वद रुपयांच्या आसपास खिळून राहिला. त्या दराने हा खर्च सहा हजारांवर जातो. त्यातले सत्तावीसशे रुपये केवळ रिकाम्या परतीचे. टोल, टायर, विमा, बँकेचा हप्ता, चालक आणि क्लीनर यांचा भत्ता, आणि वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातली दलाली त्यावर. परतीचा माल मिळाला तरच त्या फेरीत काही उरते. नाही मिळाला, तर दोन दिवस ट्रक उभा करून वाट पाहायची, किंवा मिळेल त्या भाड्यात पडेल तो माल भरायचा, हे दोनच मार्ग.

यवतमाळच्या बाबतीत परतीच्या मालाचे दुखणे विशेष आहे. जिल्ह्यातून बाहेर जाणारा माल हंगामी आणि आत येणारा मालही हंगामी. पण दोघांचे हंगाम जुळत नाहीत. कापूस नोव्हेंबर ते मार्च या काळात बाहेर पडतो. खते-बियाणे मे-जून महिन्यांत आत येतात, आणि खतांचे रेक धामणगाव रेल्वेसारख्या शेजारच्या जिल्ह्यातील स्थानकांवर उतरून तेथून पुन्हा ट्रकनेच जिल्ह्यात शिरतात. हिवाळ्यात बाहेरून परतणाऱ्या ट्रकला भरायला काही नाही, उन्हाळ्यात आत येणाऱ्या ट्रकला परत न्यायला काही नाही. दुसऱ्या बाजूला वणी तालुक्यात बारमाही माल आहे, तो कोळशाचा. निळजई, उकणी आणि भोवतालच्या खाणींतून निघालेला कोळसा टिपरांनी रेल्वे सायडिंगकडे आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राकडे जातो. पण कोळशाचा टिपर कापूस वाहू शकत नाही, काळ्या धुळीची एक गाठ गिरणीत सारा लॉट नापास करील. म्हणजे एकाच जिल्ह्यात ट्रकांचे दोन ताफे आहेत, आणि दोन्ही अर्धी वाट रिकामे धावतात. कोळशाच्या टिपराला फेरीमागे पैसे मिळतात, म्हणून तो वेगाने धावतो, जास्त भरतो आणि रस्ता उखडतो. त्या रस्त्याकडेच्या कपाशीवर बसणाऱ्या धुळीची किंमत कोणत्याच बिल्टीवर लिहिलेली नसते.

सरकारने या क्षेत्रासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात उठली आणि गावोगावच्या नाक्यांवरचे थांबे गेले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराची तपासणी संपली, पुढल्या वर्षी ई-वे बिल आले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोलनाक्यावरची रांग आखडली. पिंपळखुटीजवळ सीमेवर पूर्वी रात्र काढणाऱ्या चालकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. परंतु वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? २०१८ च्या जुलैत ट्रकांची वजनमर्यादा वाढविण्यात आली. तीन आसांच्या ट्रकला २५ टनांऐवजी २८.५ टन एकूण वजनाची परवानगी मिळाली. अतिरिक्त भाराची चोरटी वाहतूक त्यामुळे कायदेशीर झाली, हे चांगलेच. पण एका अधिसूचनेने देशातील ट्रकांची क्षमता एकाएकी वाढली, माल तेवढाच राहिला, आणि भाड्याचे दर दबले. बहुसंख्य ट्रक पाचांहून कमी गाड्या असणाऱ्या मालकांचे आहेत. त्यांच्यात संघटना दुबळी आणि हप्त्याची तारीख पक्की; अशा माणसाला भाव पाडून मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. पाठविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी बाजारातल्या या स्थितीचा लाभ घेतला, शंभर गाठींच्या जिनिंगवाल्याला तो क्वचितच मिळाला. भाडे शेतकऱ्याला जड आणि ट्रकवाल्याला अपुरे, या दोन गोष्टी म्हणूनच एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मधला पैसा रिकाम्या मैलांत, डिझेलवरच्या करांत आणि फाटकाबाहेरच्या खोळंब्यात जिरतो.

या खोळंब्याकडे धोरणकर्त्यांनी कधी गंभीरपणे पाहिलेले नाही. माल उतरवून घ्यायला गिरणीने दोन दिवस लावले, तर त्या दोन दिवसांचे भाडे देण्याचे बंधन व्यवहारात कोणी पाळत नाही. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा वाहतूकदाराची नोंदणी आणि मालाच्या नुकसानीची जबाबदारी ठरवितो. पाठविणाऱ्याने वा घेणाऱ्याने केलेल्या विलंबाबद्दल तो ट्रकवाल्याच्या हाती काही देत नाही. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा नियम २००६ च्या कायद्यात आहे, आणि एका ट्रकचा मालकही सेवा उद्योग म्हणून तशी नोंदणी करू शकतो. पण नोंदणी करून ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच दारात पुढली भरती मागायला जावे लागते.

चालकाची गोष्ट तर याहून वाईट. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली होती. पांढरकवड्यावरून रात्री दक्षिणेकडे निघणाऱ्या ट्रकच्या चालकाला हे सांगितले, तर तो हसेल. अमेरिकेत शिकागो आणि सेंट लुईस यांच्यामध्ये माल नेणाऱ्या चालकाला दिवसाला अकरा तासच गाडी चालविता येते, आणि २०१७ च्या अखेरीपासून ते तास यंत्राने मोजले जातात. तेथे सारे आलबेल आहे असे नाही; फाटकाबाहेर ताटकळण्याची तक्रार त्या देशातही तितकीच जुनी आहे. पण निदान तास मोजले जातात. आणि त्या दोन शहरांमधले धान्य मुख्यतः नदीतल्या तराफ्यांनी आणि रेल्वेने जाते, ट्रकवर सारा भार नाही. भारतात चालकाचे अस्तित्व ध्यानात येते ते तो गाडी थांबवितो तेव्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध १ जानेवारी २०२४ ला चालकांनी काम थांबविले, तेव्हा दोन दिवसांत विदर्भातील पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. सरकारने ते उपकलम बाजूला ठेवले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली ती त्याच्याविना. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. पंचेचाळीस अंशांच्या यवतमाळात ही सोय चैनीची म्हणता येणार नाही. मात्र जुन्या गाडीवर दहा-पंधरा वर्षे काढणाऱ्या एकट्या मालकाच्या चालकापर्यंत ती केव्हा पोहोचेल, हे वेगळे सांगायला नको.

किमान भाडे कायद्याने ठरवावे, अशी मागणी ट्रकमालकांकडून होते. ब्राझीलने तो प्रयोग केला. २०१८ च्या मे महिन्यात डिझेलच्या भावावरून तेथील ट्रकवाल्यांनी देश ठप्प केला आणि त्याच वर्षी सरकारला किमान भाड्याचा कायदा करावा लागला. तेथील मोठे शेतमाल निर्यातदार त्याच्यावर नाराज आहेत, आणि ब्राझीलचा कापूस मातो ग्रोसोहून दीड-दोन हजार किलोमीटर ट्रकने सान्तोस बंदरात जातो, तरीही तो देश २०२३-२४ मध्ये कापसाचा जगातील पहिल्या क्रमांकाचा निर्यातदार झाला. यवतमाळला मात्र हे औषध जसेच्या तसे मानवणार नाही. भाव ठरण्याची रीत तीच राहिली, तर कायद्याने वाढलेले प्रत्येक भाडे जिनिंगवाला शेतकऱ्याच्या भावातून कापून घेईल. एका गरिबाचे संरक्षण दुसऱ्या गरिबाच्या खर्चाने होईल. भाड्याला खालची मर्यादा घालण्याआधी खोळंब्याला वरची मर्यादा घालणे अधिक न्याय्य आहे. ठराविक तासांनंतर ट्रक उभा राहिला तर ताशी दंड, आणि तो बिल्टीवरच छापलेला, एवढी सुधारणा २००७ च्या कायद्यात करता येण्यासारखी आहे, आणि तिचा बोजा शेतकऱ्यावर पडण्याऐवजी ज्याच्या दारात ट्रक उभा, त्याच्यावर पडेल.

दुसरी गोष्ट रेल्वेची. २००८-०९ मध्ये मंजूर झालेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरांच्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मंजुरीपासून कळंबपर्यंतच्या चाळीस किलोमीटरांना पंधरा वर्षे लागली. मार्ग यवतमाळपर्यंत येईल तेव्हा पहिल्या गाडीचे स्वागत जोरात होईल, यात शंका नाही. पण जिल्ह्यातील चर्चा अजून प्रवासी गाड्यांच्या वेळापत्रकाभोवतीच फिरते आहे. यवतमाळच्या स्थानकावर मालधक्का किती लांबीचा असेल, गुदाम किती गाठींचे, पावसाळ्यात ट्रक तेथवर कोणत्या रस्त्याने जातील, याविषयी बाजार समित्या, जिनिंगचे चालक आणि लोकप्रतिनिधी यांनी एकत्र बसून काही ठरविल्याचे ऐकिवात नाही. वजनाच्या हिशेबाने एक रेक भरायला दोनशे ट्रकांच्या आसपास माल लागतो. एकट्या राळेगावला तो जमणार नाही. राळेगाव, कळंब, घाटंजी, बाभूळगाव आणि यवतमाळ मिळून हंगामात सहज जमेल, आणि कंटेनरची सोय झाली तर रेक भरण्याची वाटही पाहावी लागणार नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये रेल्वेने जाहीर केलेल्या गतिशक्ती मालटर्मिनलच्या धोरणात खासगी वा सहकारी संस्थेला असा धक्का स्वतः उभारता येतो. मूर्तिजापूरची जुनी वाट रुंद करण्याच्या घोषणाही अनेकदा झाल्या. त्या वेळीही मालाचा उल्लेख क्वचितच ऐकू आला.

रेल्वे आली म्हणजे ट्रक जाणार, अशी भीती जिल्ह्यातील ट्रकमालकांना वाटते. तीत तथ्य थोडे आहे. जिनिंगपासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून खेड्यापर्यंत ट्रक लागणारच; त्या तीस-चाळीस किलोमीटरांच्या फेऱ्या दिवसाला दोन होतील, चालक रात्री घरी येईल, आणि उतरलेले खत, सिमेंट घेऊन तोच ट्रक परतेल. लांब पल्ल्याचे भाडे काही प्रमाणात जाईल, हे खरे, आणि ते कोणाचे जाईल हा प्रश्न मालकांच्या संघटनांनी आताच विचारायला हवा. मार्गाचे रूळ कळंबपासून पुढे सरकत असतानाच त्याचे उत्तर नकाशावर आखता येईल. स्थानक बांधून झाल्यावर धक्क्यासाठी जागा शोधायची म्हटले, तर ती गावाबाहेर दहा किलोमीटरांवर मिळेल, आणि तेथपर्यंतचे भाडे पुन्हा कापसाच्या क्विंटलमागे वजा होईल.